मामाचं व्हायोलिन तिघींत वाटून शिकता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय त्रेचाळीस, राहायला सिंहगड रोडला. मामांचं जुनं व्हायोलिन माळ्यावरून खाली आलंय. सोसायटीतल्या आणखी दोघींना शिकायचंय, म्हणून तिघींत एक वाद्य, तिघींत एक शिक्षक आणि बाकी सगळं इंटरनेटवरून फुकट, असा बेत आहे. तुम्हाला आणि एका मैत्रिणीला भावगीतं वाजवायचीत, तिसरीला पाश्चात्त्य नोटेशन वाचून सिनेमातल्या धून. शिवाय नऊ वर्षांच्या मुलीलाही त्याच व्हायोलिनवर बसवता येईल का, आणि हे शिकायचं वय आहे का, असंही विचारलंयत.

वयाचं आधी उरकते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत निम्मे तरी नोकरी-संसार सांभाळून येणारे असतात, काही निवृत्तही. बोटं उशिरा वळतात, हे खरं आहे. पण तुम्ही जन्मभर गाणी ऐकलेली असतात. सूर लागला की नाही हे तुम्हाला कळतं, ते लहान मुलाला कळायला वेळ लागतो. गंमत म्हणजे मोठ्या माणसाला नडतो तो हाच कान. तो हाताच्या फार पुढे असतो, त्यामुळे स्वतःचं पहिल्या तीन महिन्यांतलं वाजवणं स्वतःलाच सोसत नाही. सोडून देणारे बहुतेक इथेच सोडतात. बोटांमुळे कुणी सोडल्याचं मला फारसं आठवत नाही.

आता वाटून घेण्याचं. तुमच्या बेतातली सर्वांत मोठी अडचण तुम्ही प्रश्नात सहज सांगून गेलात: दोघींना भावगीत आणि तिसरीला पाश्चात्त्य. वाद्य एकच असलं तरी दोन्हींत तारा वेगळ्या लावतात. पाश्चात्त्य पद्धतीत जाड तारेपासून बारीक तारेकडे जी, डी, ए, ई, म्हणजे आपल्या हार्मोनियमच्या भाषेत पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. प्रत्येक दोन तारांमध्ये षड्ज-पंचमाचं अंतर. आपल्याकडे सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा असं लावतात. म्हणजे एका जोडीत पंचमाचं अंतर, तर पुढच्या जोडीत मध्यमाचं. त्यामुळे बोटांचा सगळा हिशोबच बदलतो. आपल्या पद्धतीत षड्जाच्या मोकळ्या तारेवर सा, मग तीन बोटांनी रे, ग, म, आणि प पुढच्या तारेवर मोकळा. तिथे दोन बोटांत ध, नी आणि वरचा सा पुन्हा मोकळा. पाश्चात्त्य पद्धतीत प्रत्येक तारेवर तीन बोटं आणि मग पुढची तार. बसणंही वेगळं. आपण जमिनीवर मांडी घालून, उजवा पाय जरा पुढे काढून, व्हायोलिनचं डोकं घोट्यापाशी टेकवतो, म्हणजे डावा हात वाद्य धरण्यातून सुटतो आणि मींड घ्यायला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, मोकळा राहतो. ते लोक उभ्याने किंवा खुर्चीत, हनुवटी आणि खांद्यात धरून वाजवतात.

एकाच व्हायोलिनवर सोमवारी भूप आणि मंगळवारी त्या धून असं केलंत, तर रोज खुंट्या पिळाव्या लागतील. तारा लवकर बसतात, बारीक तार एक दिवस तोंडासमोर तुटते, आणि खुंट्या फिरवताना तारांच्या ओढीने घोडी, म्हणजे तारांखालची उभी लाकडी पट्टी, हळूहळू पुढे कलते. कललेली घोडी वेळीच सरळ केली नाही तर वाकते किंवा धाडकन पडते. म्हणून माझा सल्ला असा की तुम्ही दोघींनी एक व्हायोलिन खुशाल वाटून घ्या. तिसरीने वेगळं घ्यावं, नाहीतर निदान पहिलं वर्ष तुमच्याबरोबर सा-प-सा-प वर काढावं. सिनेमातल्या धून त्यावरही वाजतात. आपल्याकडे त्या वाजवणारे कित्येक जण नोटेशन न वाचता कानावरच वाजवतात.

दोघींनी षड्जही एकच ठरवायला हवा, कारण सा-प-सा-प म्हटलं तरी सा कुठला हा प्रश्न उरतोच. पुरुष विद्यार्थ्यांना मी बहुधा काळी एकचा सा देते, प-सा-प-सा लावून. त्यात जाड तार अर्धा सूर वर जाते, मधल्या दोन अर्धा-अर्धा सूर खाली आणि बारीक तार दीड सूर खाली. तुम्ही दोघी गाणाऱ्या असाल आणि गळ्याची पट्टी काळी चारच्या आसपास असेल, तर पांढरी पाच धरून सा-प-सा-प लावा. जाड तार आणि तिच्या शेजारची तार आहे तिथेच राहते, उरलेल्या दोन फक्त एकेक सूर उतरतात. कुठलीच तार मूळ जागेपेक्षा वर चढत नाही, म्हणून तुटायची भीती कमी. शिवाय जाड तारेचा सा तुमच्या गळ्याच्या सा पासून अर्ध्या सुरावर येतो, त्यामुळे वाजवताना गुणगुणता येतं. आणि गुणगुणत वाजवणं हा गायकी अंगाचा पाया आहे. ग्वाल्हेर घराण्याचे गजाननबुवा जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. व्हायोलिनवादक एन. राजम गायक ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकल्या. ही माणसं तारेवर गळ्यातलंच काढत होती.

मामांच्या व्हायोलिनचं काय ते बघू. आत डोकावलंत तर बहुधा एक कागद चिकटवलेला दिसेल आणि त्यावर लॅटिनमध्ये ‘आंतोनियुस स्त्रादिवारियुस क्रेमोनेन्सिस’ असं काहीतरी छापलेलं असेल. हुरळून जाऊ नका. स्त्रादिवारी 1737 साली वारला. त्याच्या नावाचे कागद युरोपातल्या कारखान्यांनी नंतर लाखो वाद्यांत चिकटवले, तो ‘या नमुन्यावर बनवलं’ एवढाच दावा असे. कागद नसेल तर वाद्य कोलकात्याचं किंवा उत्तर प्रदेशातल्या रामपूरचंही असू शकतं. दोन्हीकडे व्हायोलिनं बनतात. नावापेक्षा प्रकृती बघा.

प्रकृती घरीच बघता येते. व्हायोलिन हलकेच हलवा. आत काही खुळखुळलं तर साउंडपोस्ट पडलाय. ही वरच्या आणि खालच्या फळीमध्ये दाबाने उभी असलेली लाकडी कांडी असते, डिंकाने चिकटवलेली नसते. ती पडली असेल तर तारा ताणू नका, वरची फळी खचते. मग बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करत सगळीकडून फिरा. आवाज एकसारखा भरीव यायला हवा. एखाद्या ठिकाणी भुसभुशीत, फटफट असा आला तर तिथे सांधा सुटलाय. सांधा सुटणं हा मोठा आजार नाही. व्हायोलिन प्राण्यांच्या चामड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडलेलं असतं, तो उष्णतेने आणि दमटपणाने सुटतो आणि कारागीर तो पुन्हा लावतो. फक्त घरी फेव्हिकॉल वापरू नका, पुढच्या दुरुस्तीची वाटच बंद होते. वरच्या फळीला घोडीखाली उभी चीर असेल, तर मात्र आधी जाणकाराला दाखवा आणि मगच खर्चाचं बोला.

फूटपट्टी घ्या. वरच्या टोकाला तारा जिथे खाचेतून जातात, तिथपासून घोडीपर्यंत मोकळ्या तारेची लांबी पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर 325 मिलिमीटरच्या आसपास भरते. मग फिंगरबोर्ड, म्हणजे तारांखालची बोटं टेकवायची पट्टी, जिथे संपतो तिथे तारांची उंची मोजा: बारीक तारेखाली साधारण साडेतीन मिलिमीटर, जाड तारेखाली साडेपाच. माळ्यावरच्या व्हायोलिनांत ही उंची बहुधा जास्त निघते. मग बोटं दुखतात, सूर चढतात आणि माणूस म्हणतो मला जमत नाही. स्वस्तातल्या नव्या वाद्यांचंही हेच. पेटी-गजासकट पाच-सहा हजारांत मिळणारं व्हायोलिन लाकूड म्हणून ठीक असतं, पण घोडी कारखान्यातून आली तशी जाड आणि उंच असते. तिघींनी पैसे एकत्र करून पहिला खर्च करायचा तो यावर. घोडी बसवून घ्या, साउंडपोस्ट लावून घ्या, खुंट्या नीट फिरतील अशा करून घ्या आणि नव्या तारा घाला. मामांच्या वेळच्या तारांवर शिकू नका. आणि तारा एकेक करून बदला. चारही एकदम सोडल्या की दाब जातो आणि साउंडपोस्ट आडवा होतो.

गज मात्र वाटून घेऊ नका, प्रत्येकीचा स्वतःचा हवा. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात, त्यांना हात लागला की तेल लागतं आणि तेवढ्या जागी गज तारेवरून घसरतो. तिघींचे हात म्हणजे तिप्पट घसरण. त्याहून मोठा त्रास म्हणजे वाजवून झाल्यावर गज सैल करायचा असतो, आणि वाटून घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत ‘तू केला असशील’ असंच होतं. ताणलेला राहिलेला गज काही महिन्यांत वाकतो. मामांचा गज बंद पेटीत राहिला असेल तर केस बघा. बऱ्याचदा त्यांना कसर लागलेली असते आणि केस मधूनच कुरतडलेले निघतात. तसं असेल तर पेटी उन्हात उघडी ठेवून झाडून घ्या, मगच नवा गज आत ठेवा. व्हायोलिन मात्र उन्हात ठेवू नका.

गजाला लावायची राळ एक पुरते, तारांचा खर्च वाटता येतो. हनुवटी टेकायचा भाग फडक्याने पुसून ठेवला म्हणजे झालं. एक छोटी वही पेटीत ठेवा आणि कुणी कधी वाजवलं, काही बिघडलं का, ते लिहा. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरसाठी आपण एवढ्या नोंदी ठेवतो, तर हे काय.

शिक्षक तिघींत एक चालतो, पहिले सहा महिने तर चांगलाच. एकीचं मनगट दुरुस्त करताना दोघी बघतात आणि स्वतःचं ताडून घेतात. फक्त दोन गोष्टी आधी ठरवून घ्या: तासात प्रत्येकीने एकटीने वाजवायचं, आणि शिक्षकांनी हाताला हात लावून दुरुस्त करायचं. गज धरणं पडद्यावर कळत नाही. अंगठा आतल्या बाजूला थोडा वाकलेला, करंगळी गोल, कोपर मोकळं. कॅमेऱ्यात दिसतं ते सगळं बरोबर असूनही खांदा वर चढलेला असतो, आणि तो शेजारी बसलेल्यालाच जाणवतो. डाव्या अंगठ्याला मुंग्या येत असतील किंवा मान दुखत असेल, तर रेटून वाजवू नका, पुढच्या तासाला पहिल्यांदा तेच सांगा. गुडघे मांडीला साथ देत नसतील तर खाली जाडसर उशी घ्या. पाठ सरळ राहिली की बास.

पुण्यात शिक्षकांना तोटा नाही. विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 साली सुरू केलेलं गांधर्व महाविद्यालय, भास्करबुवा बखल्यांचं 1911 सालचं भारत गायन समाज, यांसारख्या जुन्या संस्थांमध्ये व्हायोलिनचा वर्ग सध्या कुठल्या वेळी आहे, मोठ्यांची बॅच आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. हिंजवडीहून सुटून शनिवार पेठेत सहाला पोचायचं असेल तर विचारायचीही गरज नाही, ते होणार नाही. जवळचा साधा शिक्षक लांबच्या मोठ्या शिक्षकापेक्षा बरा, निदान पहिली दोन वर्षं. शिक्षक निवडताना एकच बघा: ते तुमच्यासमोर तानपुरा लावून एक सा लांबवून वाजवतात का. ते ऐकूनच बरंच कळतं.

आता फुकट साहित्याचं. इथे मी बरीच उदार आहे, कारण खरंच खजिना पडलाय. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे 1936 साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे त्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे मूळ भाग आज कुणीही वापरू शकतो आणि त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर मिळतात. त्यातलं स्वरलेखन शिकायला एक संध्याकाळ पुरते: खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं) सप्तक, वर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र. पण पुस्तकात फक्त सांगाडा असतो. बंदिश कुणाच्या तरी गळ्यातून ऐकल्याशिवाय त्यावरून वाजवू नका.

तिसऱ्या मैत्रिणीसाठी आयएमएसएलपी हे संकेतस्थळ आहे. 2006 पासून चालू असलेलं, हक्क संपलेल्या पाश्चात्त्य संगीताच्या छापील प्रतींचं भांडार. व्होल्फार्टचे साठ धडे, म्हणजे ओपस 45, आणि त्यानंतर कायझरचे छत्तीस, ओपस 20, एवढं तिला तीन-चार वर्षं पुरेल. दोघंही एकोणिसाव्या शतकातच वारले, त्यामुळे हक्काचा प्रश्न नाही. पण जपानच्या सुझुकींची पुस्तकं व्हॉट्सॲपवरून फिरतात, ती वेगळी गोष्ट. ते 1998 साली गेले, त्यामुळे त्यांचे हक्क चालू आहेत. ती विकत घ्यावीत, किंवा तिघींत एक प्रत घ्यावी, जे वाटून घेण्याच्या तुमच्या बेतात अगदी बसतं.

यूट्यूबवर व्हायोलिन शिकवणारे बहुतेक जण जी-डी-ए-ई वाले आहेत. त्यांनी दाखवलेली ‘पहिलं बोट इथे, दुसरं तिथे’ ही रचना सा-प-सा-प वर चौथ्या, म्हणजे जाड, तारेवरून तिसरीवर जाताना जमते आणि पुढे गेलात की फसते. म्हणून त्यांच्याकडून उजवा हात शिका. गज कसा धरायचा, कसा सरळ ओढायचा, हे दोन्ही पद्धतींत बऱ्यापैकी एकच आहे. डाव्या हातासाठी हिंदुस्थानी वाजवणाराच बघा. आणि एका वेळी एकच. तीन जणांचे सल्ले एकत्र केले की मनगट तीन दिशांना जातं.

तानपुऱ्याचं ॲप हवंच, त्याशिवाय बसूच नका. ट्यूनरचं ॲपही घ्या, पण त्याचा उपयोग मोकळी सा ची तार लावण्यापुरता करा. पंचमाची तार सा बरोबर एकदम वाजवून कानाने लावा. दोन्ही तारा जुळल्या की आवाजातली ती लाटेसारखी थरथर थांबते. ट्यूनर पुढे का चालत नाही ते सांगते. तो पियानोच्या सुरांवर बेतलेला असतो. तुमचा गंधार तानपुऱ्यात चपखल बसला, की ट्यूनर तो चौदा सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या शंभर भागांतले चौदा, उतरलेला दाखवतो. तुम्ही काटा मधे आणायला बोट पुढे सरकवता, आणि कानाने बरोबर असलेला सूर डोळ्याने बिघडवता. 325 मिलिमीटरच्या तारेवर हा फरक दोन मिलिमीटरचा आहे. बोटाच्या टोकाचा विचार केलात तर काहीच नाही, आणि कानाला पुष्कळ.

पहिल्या काही महिन्यांसाठी फिंगरबोर्डवर बारीक पट्ट्या चिकटवायला माझी हरकत नसते. वरच्या खाचेपासून मोजा: मोकळ्या सा पासून शुद्ध रे 36 मिलिमीटरवर, शुद्ध ग 65 वर, म 81 वर, आणि त्याच तारेवरचा प 108 वर. हे गणित सोपं आहे. रे साठी तारेचा नववा भाग सोडायचा, ग साठी पाचवा, म साठी चौथा, प साठी तिसरा. बोटाने तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर जरा चढतो, म्हणून पट्टी एखादा केस अलीकडेच लावा. आणि हीच पट्टी शेजारच्या पंचमाच्या तारेवर धैवताला जशीच्या तशी चालेल असं समजू नका. तानपुऱ्याशी मिळणारा धैवत त्या तारेवर साडेबत्तीसच्या आसपास येतो, म्हणजे रिषभाच्या पट्टीच्या साडेतीन मिलिमीटर अलीकडे. पट्ट्या सहा महिन्यांत काढा. काढल्यावर दोन आठवडे सगळं बेसूर वाटेल, ते वाटू द्या.

राग पहिला भूप. तो सोपा आहे म्हणून नव्हे, भूप गाऊन बघितलेल्याला तो किती सोपा आहे ते माहीत असतं. सा-प-सा-प लावलेल्या व्हायोलिनवर मध्य सप्तकातला भूप दोनच बोटांत येतो: सा मोकळा, पहिल्या बोटाने रे, दुसऱ्याने ग, प मोकळा, पुन्हा पहिल्या बोटाने ध, आणि वरचा सा मोकळा. सा पासून वरच्या सा पर्यंत चढताना तीनदा मोकळी तार येते, ती तानपुऱ्याशी जुळत नसेल तर लगेच कळतं, आणि बोटाने लावलेले सूर तिच्याशी ताडता येतात. डाव्या हाताचं ओझं एवढं कमी झालं की लक्ष गजाकडे राहतं.

तुम्ही दोघी असल्याचा खरा फायदा इथे आहे, आणि तो पैशांत मोजता येत नाही. आठवड्यातून दोनदा एकत्र बसा. तानपुरा लावा. एकीने डोळे मिटून फक्त रे लावायचा आणि लांबवायचा. दुसरीने वाद्याकडे पाठ करून ऐकायचं आणि एवढंच सांगायचं: चढलाय, उतरलाय, बसलाय. कारण सांगायचं नाही, उपाय सुचवायचा नाही. वाजवणारीने बोट जरासं हलवून पुन्हा लावायचा. मग जागा बदला. एकटं वाजवणाऱ्याचा कान स्वतःच्या बोटाची बाजू घेतो. ज्यांच्या घरी ऐकणारं कुणी नसतं त्यांना मी फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकायला सांगते. फोन व्हायोलिनपासून दोन-तीन हात लांब ठेवायचा, जवळ ठेवला की नुसती खरखर येते. पण समोर बसलेल्या मैत्रिणीच्या ‘चढलाय’ची सर त्याला नाही.

गजाचं रोजचं काम असं: मोकळी तार, घड्याळाच्या सेकंदाला एक मात्रा, आठ मात्रा खाली आणि आठ मात्रा वर. गज घोडी आणि फिंगरबोर्डचं टोक यांच्या साधारण मधे, घोडीला समांतर. समोर आरसा ठेवा, कारण वरून बघताना वाकडा गजसुद्धा सरळ वाटतो. आवाज किंचाळला तर दाब जास्त आणि वेग कमी आहे. शिटीसारखा फुसका आला तर उलटं, किंवा गज फिंगरबोर्डवर सरकलाय. अजिबात आलाच नाही तर राळ लावायची राहिली. नव्या गजाला पहिल्यांदा राळ लावताना ती बराच वेळ धरतच नाही. राळेची वडी बारीक सॅंडपेपरने जरा खरवडून घ्या. आठ मात्रांत गजाची दोन्ही टोकं गाठली आणि मधे आवाज हलला नाही, एवढं जमायला कुणाला सहा आठवडे लागतात, कुणाला सहा महिने. भावगीताचा मुखडा त्यानंतर. निवडताना कमी हरकती-मुरक्यांचं, संथ लयीचं गाणं निवडा. प्रभाकर जोगांचं ‘गाणारे व्हायोलिन’ ऐकून तुम्ही शिकायला निघाल्या असाल, पुण्यात निम्मे तरी त्यामुळेच निघतात, तर ते रोज ऐका. फक्त शब्द मनात म्हणत ऐका. कुठल्या अक्षरावर त्यांचा गज बदलतो ते लिहून काढा. गज कुठे उलटायचा याचं उत्तर शब्दांत असतं.

शेजाऱ्यांचा प्रश्न येणारच. घोडीवर बसवायचं रबरी म्यूट मिळतं, आवाज चांगलाच दबतो. पण रोज त्यावरच वाजवलंत तर स्वतःचा खरा आवाज कधी ऐकूच येणार नाही, म्हणून दिवसातली दहा-पंधरा मिनिटं तरी म्यूट काढून वाजवा. सोसायटीचा हॉल दुपारी रिकामा असतो, पण एक ते चार सोडून. का ते पुण्यात सांगायला नको. हवेचंही सांभाळा. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगून खुंट्या घट्ट बसतात, एप्रिल-मेमध्ये आकसून सुटतात. अडकलेली खुंटी पकडीने पिळू नका. घसरत असेल तर ती बाहेर काढून थोडा खडू लावा आणि फिरवताना आत दाबा. उन्हाळ्यात गाडीत पेटी सोडून भाजी आणायला जाऊ नका, सरस सुटतो. स्कूटरवर पायापाशी आडवी ठेवण्यापेक्षा पाठीला लावा. पुण्याच्या स्पीडब्रेकरला घोडी पडलेली व्हायोलिनं माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात.

परीक्षेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण शिक्षक काढतीलच. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात आणि विशारद-अलंकारपर्यंत जातात. अभ्यासक्रमाची शिस्त चांगली आहे. पण पहिल्या वर्षी बसू नका. तोंडी परीक्षेसाठी रागांची संख्या वाढवावी लागते आणि गज कच्चा असताना दहा राग वाजवणारी व्यक्ती दहा रागांत कच्ची राहते.

राहिली मुलगी. नाही, पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर तिला बसवू नका. हात लांबवून धरायला लागला की मनगट मोडून बोटं पसरावी लागतात, आणि ती सवय पुढे सुटत नाही. नऊ-दहाव्या वर्षी हाताच्या लांबीप्रमाणे अर्धं किंवा पाऊण माप लागतं. शिक्षकांकडे हात मोजून घ्या. ही लहान मापं विकत घेण्यात अर्थ नसतो, दीड-दोन वर्षांत लहान पडतात. माझ्याकडची पाऊण मापाची दोन व्हायोलिनं कित्येक घरं फिरून आलीत. तुमच्या भागातल्या शिक्षकाकडे किंवा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे असं एखादं पडून असणारच. वापरायला मागा, वापर संपला की नव्या तारा घालून पुढच्याला द्या.